काड्यांची बाटली आणि बेथानीचं घर



पूर्वी नाताळच्या भेटी म्हणजे कुलकुल, नेवऱ्या आणि फार तर येशूबाळाची एखादी तसबीर. यंदा आमच्या घरी तीन सुगंधी मेणबत्त्या आल्या, काचेच्या बरणीतल्या, वर लाकडी झाकण असलेल्या. शिवाय पुण्याहून मुलीने एक बाटली पाठवली. बाटलीत सुगंधी तेल आणि तेलात सात-आठ काड्या उभ्या. रीड डिफ्यूजर हे तिचं दुकानातलं नाव. आमच्या मजल्यावर सगळे तिला काड्यांची बाटली म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू.

नवं वर्ष उजाडलं तसे फोन सुरू झाले. वेदीवरच्या मेणबत्त्यांची देखभाल आम्हां दोघांकडे आहे, त्यामुळे मेण या विषयातलं आम्हांला सगळं कळतं असा आमच्या धर्मग्रामात समज आहे. ‘काकू, मेणबत्ती मधोमध विहीर पडून विझते, काय करू?’ ‘काका, बाटलीतलं तेल आटलं, पाणी घातलं तर चालेल का?’ एकीने तर एक काडी बाहेर काढून उदबत्तीसारखी पेटवून पाहिली होती. देवाच्या कृपेने बोट चटकण्यापलीकडे काही झालं नाही.

सगळ्यांना एकदमच सांगावं म्हणून लिहायला बसलो. आणखीही एक कारण आहे, एका आजारी आजींच्या खोलीतलं. तिथे पुढे येऊच.

मेणबत्तीपासून सुरुवात करू. आमच्या शेजारच्या काकूंच्या देवघरात रोज संध्याकाळी समई लागते. त्या आधी कालच्या वातीची काजळी झाडतात, वात जराशी पुढे सारतात, तेल पाहतात आणि मगच काडी ओढतात. बरणीतल्या मेणबत्तीला याहून वेगळं काही लागत नाही. दर वेळी लावण्याआधी गार मेणातली वात कात्रीने कापून बासमतीच्या दाण्याएवढी, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर ठेवायची. वातीच्या टोकाला काजळीचं काळं बोंड धरलेलं असतं, तेही काढून टाकायचं. लांब वात ठेवली की ज्योत उंच जाते, नाचते, धूर सोडते, बरणीच्या गळ्याशी काळं धरतं आणि काच नको तितकी तापते. आपल्याला वाटतं मेण खराब निघालं. मेणाचा बहुधा काही दोष नसतो.

ती विहीर का पडते, तेही ऐका. मेणबत्ती पहिल्यांदा लावाल त्या दिवशी घाई करू नये. वरचं मेण वितळून त्याचं तळं काचेच्या कडेपर्यंत पोचू द्यावं. बरणी तीन इंच रुंद असेल तर त्याला साधारण तीन तास लागतात. अर्ध्या तासात पाहुणे गेले म्हणून विझवली, तर तेवढाच मधला भाग वितळतो, आणि पुढच्या वेळीही ज्योत त्याच खड्ड्यात उतरत जाते. असं झालंच असेल, तर बरणीच्या तोंडावर कडेकडेने स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल गुंडाळा, मध्ये रुपयाहून मोठं भोक ठेवा आणि तासभर समोर बसून जळू द्या. कडेचं मेण तापून खाली येतं. फॉइलही तापते, तिला हात लावू नका. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळू नये. तळाला बोटाच्या पेरापेक्षा कमी मेण उरलं की ती मेणबत्ती संपली असं समजावं. शेवटचा थेंब वसूल करण्याच्या नादात काच तडकते.

फुंकर मारू नये, हे आपल्या आज्या सांगायच्या. दिवा विझवला असंही त्या म्हणायच्या नाहीत. दिवा मालवायचा, शांत करायचा. बरणीच्या बाबतीत त्याला सरळ व्यवहारी कारण आहे. फुंकरीने गरम मेण उडतं आणि धुराचा भपकारा घरभर होतो. झाकण ठेवलं की ज्योत आपोआप जाते आणि वासही आत राहतो. मेणाने पेट घेतला तर पाणी मात्र कधीच ओतायचं नाही. उकळत्या तेलात पाणी पडल्यावर कढईचं जे होतं, तेच होतं. झाकण, ताट, जे हाताशी असेल ते वर ठेवायचं.

हे सगळं लिहिणारे बहुतेक जण थंड देशांतले असतात. इंदूरला अप्रिलपासून पंखा आणि कूलर बंद करायची सोय नाही, आणि पंख्याखाली कुठलीच मेणबत्ती धड जळत नाही. ज्योत एका बाजूला झुकते आणि त्याच बाजूची काच काळी करते. म्हणून आमचा हिशोब साधा आहे. मेणबत्ती दिवाळीपासून होळीपर्यंत. पुढे ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सगळ्यात गार कपाटात, खालच्या कप्प्यात. मे महिन्यात मऊ मेण नुसतं ठेवल्या जागी घाम सोडतं.

मऊ मेण म्हणजे हल्ली बहुधा सोयाबीनचं. मेण म्हणजे मूळचं मधमाशीचं, ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं. नेहमीची पांढरी मेणबत्ती पॅराफिनची, ते खनिज तेलातून येतं. सोयामेण सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं असतं. आम्हां माळव्यातल्या लोकांना त्याचं जरा कौतुक वाटायला हरकत नाही. आपल्या काळ्या मातीतलं हे पावसाळी पीक, १९८७ पासून त्याच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था इथे इंदूरलाच आहे, आणि सोयावडी खाऊन आपली एक पिढी मोठी झाली. ‘सोया आहे म्हणून धूरच होत नाही’ हे दुकानदाराचं वाक्य मात्र सोडून द्या. जे जळतं ते काही ना काही हवेत सोडतंच. वात आखूड आणि खिडकी बोटभर उघडी, इतकं आपल्या हातात असतं.

मेणाचा विषय निघालाच आहे तर महाबळेश्वरच्या भावेश भाटियांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते स्वतः दृष्टिहीन. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये मेणबत्त्या करायला शिकले, महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडीवर विकू लागले आणि त्यातून ‘सनराइज कँडल्स’ उभं केलं, जिथे दृष्टिहीन माणसंच मेणबत्त्या बनवतात. ज्यांना ज्योत दिसत नाही त्यांनी इतरांच्या घरात ज्योत पाठवायची. मेणबत्ती सरळ ओतली गेली की नाही, हे ती माणसं बोटांनी जाणतात. आपल्याला डोळे असून वात कापायचं लक्षात राहत नाही.

आता बाटली. तिच्यातल्या काड्या बहुधा वेताच्या असतात. वेताच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक नळ्या असतात, त्यांतून तेल वर चढतं आणि हवेत उडून जातं. शाळेत शिकलेलं केशाकर्षण ते हेच. बांबूला मध्ये पेरं असतात, तिथे तेल अडतं, म्हणून झाडूच्या नाहीतर बांबूच्या काड्या घालून भागत नाही. पाणी घातलं तर चालेल का, याचं उत्तर नाही असं आहे. त्या तेलात पाणी धड मिसळत नाही, काड्या फुगून बसतात आणि वास जातो.

किती काड्या घालायच्या हे खोली पाहून ठरवावं. बाटलीबरोबर आठ आल्या म्हणून आठही घातल्याच पाहिजेत असं नाही. संडास-न्हाणीघराला दोन-तीन पुरतात, बैठकीला चार-पाच. आठवड्याने काड्या उलट्या करायच्या, तेही मोरीपाशी धरून, कारण ओघळ येतोच. हे तेल लाकडाचं पॉलिश खातं. आमच्या शिशवी पेटीवर एका घरातल्या पाहुण्याने उचलून ठेवलेल्या बाटलीचं गोल वळ अजून आहे. खाली बशी ठेवावी, उन्हापासून आणि कूलरच्या झोतापासून लांब, आणि पेटत्या मेणबत्तीशेजारी तर मुळीच नको, कारण हे तेल पेट घेतं. लहान मूल किंवा मांजर पोचेल तिथे ठेवू नये. बाटली सरबताच्या रंगाची असते आणि मुलांना ती तशीच वाटते. तीन-एक महिन्यांत तेल संपतं. नवं तेल आणलं की काड्याही नव्या, कारण जुन्यांच्या नळ्या धुळीने बुजलेल्या असतात. गुलाबाच्या काड्या मोगऱ्यात बुडवल्या तर दोन्हीची माती होते.

इथवर सगळं सोपं. अडचण नाकाची आहे.

नाक फार लवकर सरावतं. नवी बाटली उघडली की पहिले दोन दिवस घर दरवळतं, तिसऱ्या दिवशी आपल्याला काही जाणवत नाही. मग आपण दोन काड्या आणखी घालतो, काड्या रोज उलटतो, जोडीला मेणबत्ती लावतो. वास तेवढाच असतो, थकलेलं असतं ते आपलं नाक. बाहेरून येणाऱ्याला मात्र दारातच डोकं गच्च होतं. उलटही तितकंच खरं. स्वतःच्या घराचा वास आपल्याला कधीच येत नाही. शुक्रवारच्या मासळीचा, ओल्या गाद्यांचा, औषधांचा वास पाहुण्याला येतो, आपल्याला येत नाही. रविवारच्या मिस्सेनंतर रुग्णभेटीला आम्ही घरोघर जातो तेव्हा हे फार जाणवतं. दार उघडताच घर आपली हकिगत सांगून टाकतं, घरातली माणसं बोलू लागण्याआधीच.

आता त्या आजींकडे येऊ. नगर जिल्ह्यातलं माहेर, लग्नानंतर सगळं आयुष्य इंदुरात गेलं. गेली दीड वर्षं त्या अंथरुणाला खिळून आहेत. फुफ्फुसं निकामी होत चालली आहेत, नाकात नळी, पलंगाशेजारी ऑक्सिजन काँसन्ट्रेटर दिवसरात्र घुरघुरत असतो. दर रविवारी आम्ही त्यांच्यासाठी परमप्रसाद नेतो. (इथे हिंदी मिस्सेमुळे कम्युनियनला हा शब्द आमच्या तोंडी बसला आहे, आणि तो गोड आहे.) सूनबाई शाळेत शिकवतात, सकाळी पाचला उठून आजींचं सगळं करतात, मग डबे, मग शाळा. मुलगा फिरतीवर.

आम्ही येणार म्हणून सूनबाई रविवारी खोलीत दोन सुगंधी मेणबत्त्या लावून ठेवायच्या. एक कोनाड्यात, एक औषधांच्या टेबलावर. खिडकीत काड्यांची बाटली, आठही काड्या घातलेल्या. खिडकी थंडीमुळे बंद. व्हॅनिला, मोगरा आणि खाली दबलेला तो आजारपणाचा वास. आजी खोकत होत्या. प्रार्थनेचं एक वाक्य होईना.

आम्ही पहिली गोष्ट केली ती दोन्ही मेणबत्त्या झाकून बाहेर नेल्या. याबाबतीत संकोच नको, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे ज्योत नाही. मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, समई नाही, विडी-सिगारेट तर नाहीच. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो मुरलेल्या चादरीला, केसांना, गाऊनला ठिणगी लागली तर आग क्षणात भडकते. हे यंत्राबरोबर आलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. घरातले तो कागद रुग्ण घरी आल्याच्या गडबडीत ड्रॉवरमध्ये टाकतात, मग तो तिथेच राहतो.

सूनबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, ‘काकू, मग तुम्हांला वास येईल ना.’

त्या एका वाक्यात दीड वर्षाची दमणूक होती. कितीही धुतलं, पुसलं, बदललं तरी खोलीला वास राहतोच. शेजारीपाजारी दारातूनच ‘कसं काय’ विचारून जातात. नणंद येऊन खिडकी उघडते आणि काही बोलत नाही, त्या न बोलण्यात सगळं येतं. मोगऱ्याची बाटली त्यांनी हौसेने आणलेली नव्हती. आपण सासूचं नीट करतो हे जगाला कळावं, एवढ्यासाठी आणली होती. आणि आजी? त्या नळी जरा सारून आमच्या कानाशी म्हणाल्या, ‘मला माझा वास येत नाही गं. पण लोकांच्या तोंडावर दिसतो.’

परतताना आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो. मग योहानाचं शुभवर्तमान आठवलं, बेथानीचं ते घर. मरियेने प्रभूच्या चरणांना सुगंधी तेल लावलं आणि सगळं घर दरवळलं, ही बाराव्या अध्यायातली गोष्ट आपण दर पवित्र सप्ताहात ऐकतो. तेल जटामांसीचं. ही जटामांसी आपल्या हिमालयातली, कोणत्याही काष्ठौषधीच्या दुकानात तिची केसाळ मुळी आजही मिळते, आपल्या आज्या ती केसांच्या तेलात घालायच्या. यहुदाने तिथल्या तिथे किंमत लावली, तीनशे दीनार. एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, तेव्हा वर्षभराच्या कमाईला थोडीच कमी.

पण अकरावा अध्याय आणि बारावा अध्याय सलग वाचून पाहा. त्याच कुटुंबातली मार्था अकराव्यात प्रभूला कबरीवरची धोंड काढू देत नाही, कारण भावाला जाऊन चार दिवस झालेत आणि आता दुर्गंधी येईल. बायबलमध्ये इतकं घरगुती, इतकं बाईमाणसाला कळणारं भय दुसरं नसेल. लोकांना वास येईल. आणि पुढच्याच अध्यायात तोच लाजरस पंगतीला बसला आहे, मार्था वाढते आहे आणि घरभर सुगंध आहे. प्रभूने आधी धोंड काढायला लावली, जे होतं त्याच्यासमोर उभं राहिला. मरियेचं तेल त्यानंतरचं. ते तेल काहीही झाकायला ओतलेलं नाही.

कुणी विचारेल, मग निर्गमच्या तिसाव्या अध्यायाचं काय? मोशेला तिथे धूपाची कृती दिली आहे, चार सुगंधी द्रव्यं सारख्या वजनाने, आणि असा धूप स्वतःच्या हौसेसाठी करू नये अशी सक्त ताकीद आहे. आमच्याच बायबलवर्गात हा प्रश्न निघाला होता, आणि एक गृहस्थ सगळ्या सुगंधी वस्तू घराबाहेर काढायच्या बेतात होते. फादरांनी समजावलं की ती ताकीद त्या एका मिश्रणापुरती आहे, जे मंदिराचं ते मंदिरात. नाहीतर नीतिसूत्रांत तेल आणि सुगंध मनाला आनंद देतात असं कशाला आलं असतं? आणि मेण-सुगंधाची गाठ तर आपल्या वेदीपाशीही आहे. पास्काच्या मेणबत्तीत ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून उदाचे पाच दाणे बसवतात. दरवर्षी ते दाणे बसवताना आमचे हात थरथरतात. असो.

आजींच्या घरी आम्ही काय केलं ते सांगतो, कारण अशी खोली आणखी पुष्कळ घरांत आहे. सुगंधाला हात लावण्याआधी वासाचं मूळ शोधलं. गादीवरचं रबरी कापड दोन आणून दिलं, म्हणजे एक उन्हात असताना दुसरं खाली राहील. जानेवारीतलं ऊन इथे दुपारी छान कडक असतं, त्याच्यासारखं निर्मळ काही नाही. फरशी पुसण्याच्या पाण्यात थोडं व्हिनेगर, पलंगाच्या लोखंडी पायांनाही तेच. कोपऱ्यात वाटीभर खाण्याचा सोडा उघडा ठेवला, तो वास ओढून घेतो आणि आपला वास देत नाही. सकाळी आजींना पांघरुणात गुंडाळून दहा मिनिटं खिडकी उघडायची. धर्मग्रामातल्या दोन भगिनी आठवड्यातून दोनदा जाऊन चादरी बदलतात. सूनबाईंना याचीच खरी गरज होती, आणि हे त्या बाजारातून विकत आणू शकल्या नसत्या.

काड्यांची बाटली आम्ही टाकून दिली नाही. ती पार बाहेर, जिन्याकडच्या दाराजवळ ठेवली, दोनच काड्या घालून. दम्याच्या किंवा फुफ्फुसाच्या रुग्णाच्या खोलीत तिचं काम नाही. ज्योत नसली तरी ती दिवसरात्र हवेत काहीतरी सोडत असते, आणि मेणबत्तीसारखी विझवता येत नाही. तान्ह्या बाळाच्या खोलीचंही तेच. पण दारात मात्र तिने मोठं काम केलं. शेजारच्या बाई आता उंबरा ओलांडून आत येतात.

एक गोष्ट राहिली होती. परमप्रसाद नेतो तेव्हा पलंगाजवळच्या टेबलावर पांढरं कापड, क्रूस आणि पेटलेली मेणबत्ती, ही आपली जुनी रीत. आजींना ती हवी होती. बॅटरीची मेणबत्ती दाखवली तर म्हणाल्या, ‘ही खेळण्यातली.’ फादरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की ज्योत ही खूण आहे, अट नव्हे. प्रभू तिच्यावाचूनही येतो. आजींना हे पटलं, पण आवडलं नाही. मग आम्ही घराची मापं घेतली. आजींच्या उशीवरून खोलीचं दार दिसतं, दारातून बाहेरची लांबट खोली, आणि तिच्या अगदी पलीकडच्या टोकाला भिंतीत कोनाडा. दाराचा पडदा काढला. त्या कोनाड्यात आता रविवारी एक मेणबत्ती लागते, साधी पांढरी, बिनवासाची, आणि तिच्यापाशी घरातलं एक माणूस उभं राहतं. आजी मान वळवून तिच्याकडे पाहत पाहत प्रभूची प्रार्थना म्हणतात. मध्ये दोनदा दम घ्यावा लागतो. पण पूर्ण म्हणतात.

जाता जाता कचऱ्याचं, कारण या शहरात तो विषय टाळून चालत नाही. २०१७ साली इंदूर देशात पहिलं आलं, तेव्हापासून कचऱ्याची पिवळी गाडी गात आली की घराघरात डबे हलतात: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक, ई-कचरा. मेणबत्तीची बरणी संपली की ती तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, मेण आकसतं आणि सुरीच्या टोकाने चकतीसारखं निघतं. ते मोरीत कदापि टाकू नका. नळीत थिजलं की प्लंबरची वाट पाहावी लागते. बरणी धुतली की वाटाण्या-फुटाण्याला छान होते. बाटलीतलं उरलेलं तेलही मोरीत नको; ते बाटलीसकट, बूच लावून, घातक कचऱ्यात. मेण कपड्यावर सांडलं तर गार होऊ द्या, खरवडा, मग वरखाली जाड खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. वेदीवरची कापडं आम्ही अशीच काढतो.

आगमनकाळातल्या मेणबत्तीचक्राबद्दलही आत्ताच सांगून ठेवतो, डिसेंबरात कुणी वाचत नाही. आपण त्याला मोरपंखीच्या हिरव्या फांद्या लावतो. तिसऱ्या रविवारपर्यंत त्या वाळून कोळ झालेल्या असतात आणि ज्योत त्यांच्यापासून दोन बोटांवर आलेली असते. तेव्हा फांद्या बदला, नाहीतर काढून टाका.

येत्या २ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, मिस्सेआधी मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जाईल. वर्षभर घरी लावायच्या मेणबत्त्या प्रत्येकाने आणाव्यात. सुगंधी बरणी चालेल का, असं आत्तापर्यंत तिघांनी विचारलं आहे. आम्ही फादरांना विचारलं. ते म्हणाले, आणा, पण झाकण लावून आणा, कारण रांगेत दम्याची माणसंही असतात. काड्यांच्या बाटल्या कृपया घरीच ठेवाव्यात. आजींच्या मेणबत्त्या आम्ही घेऊन जाणार आहोत, साध्या, पांढऱ्या, बारा.